श्रमिकांमधील भेदभाव आणि अर्थशास्त्राची 'आवड' : एक चिकित्सा

मालकाने मजुराला नाडले तर त्यात मालकाचा लाभ असतो, हे समजण्यास अर्थशास्त्राच्या अध्ययनाची आवश्यकता नाही. परंतु एका मजुराने शेजारच्या मजुराला दूर लोटावे, त्याच्या हाताखाली वा त्याच्या बरोबरीने काम करण्यास नकार द्यावा आणि प्रसंगी त्यासाठी स्वतःच्या मजुरीवरही पाणी सोडावे, याचे स्पष्टीकरण काय? एकाच छताखाली आणि एकाच भोंग्यावर काम करणाऱ्या माणसांमधील भेदभावाचा हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी गेली सहा-सात दशके हाताळला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो त्यांच्याही आधी, मुंबईच्या कापड गिरण्यांच्या संदर्भात उपस्थित केला होता. प्रस्तुत लेखात या दोन्ही विचारांची सांगड घालून, सहकाऱ्यांमधील भेदभावाविषयीच्या प्रचलित आर्थिक सिद्धांताची चिकित्सा करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा केवळ विद्वत्तेचा विषय नव्हे. बाजारपेठ खुली झाली, स्पर्धा वाढली की जातिभेद आपोआप गळून पडेल, असे प्रतिपादन अलीकडे वारंवार केले जाते. त्या प्रतिपादनाचे मूळ ज्या सिद्धांतात आहे, तो तपासल्याशिवाय त्याला उत्तर देता येणार नाही.

बेकर यांचा सिद्धांत

शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांचा 'दि इकॉनॉमिक्स ऑफ डिस्क्रिमिनेशन' हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. १९५५ सालच्या त्यांच्या प्रबंधावर तो आधारलेला होता. पुढे १९९२ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील गोरे आणि काळे यांच्यातील भेदभाव हा त्यांच्या विवेचनाचा मुख्य आधार होय. बेकर यांचे म्हणणे थोडक्यात असे की, काही माणसांना विशिष्ट समूहाच्या माणसांचा सहवास नकोसा वाटतो. ही त्यांची 'आवड' अथवा 'नावड' होय. ज्याला ती आहे तो तिची किंमत मोजण्यास तयार असतो. ही किंमत किती, हे मोजण्यासाठी त्यांनी भेदभावाचा एक गुणांक कल्पिला.

हा भेदभाव मालकाकडून, ग्राहकाकडून वा सहकामगाराकडून होऊ शकतो. यापैकी सहकामगाराचा प्रकार आमच्या विषयाशी थेट निगडित आहे. समजा, एखाद्या गोऱ्या कामगाराला शंभर रुपये मजुरी मिळते. परंतु काळ्या सहकाऱ्यासोबत काम करावे लागले तर ते शंभर रुपये त्याला नव्वदच वाटतात. त्याला मिश्र कारखान्यात टिकवायचे असेल तर मालकाला त्याला अधिक मजुरी द्यावी लागेल. मालकाच्या मनात स्वतःचा कोणताही आकस नसला तरी हा जादा खर्च त्याला परवडत नाही. म्हणून तो गोऱ्यांचा कारखाना वेगळा आणि काळ्यांचा वेगळा, अशी सोय करील. परिणामी कामगार विभक्त होतील. पण सारख्याच कामाची मजुरी दोन्हीकडे सारखीच राहील. सहकामगारांच्या भेदभावातून विभक्तता निर्माण होते, वेतनातील विषमता निर्माण होण्याचे कारण नाही, असा हा निष्कर्ष आहे.

या सिद्धांताचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. भेदभाव करणाऱ्यालाही भेदभावाची किंमत पडते, हे बेकर यांनी स्पष्टपणे मांडले. भेदभावाचा उगम केवळ मालकवर्गात शोधण्याची सवय असलेल्यांना, तो श्रमिकाच्या मनातही असू शकतो, हेही त्यांनी दाखवून दिले. परंतु 'आवड' हा शब्द स्वीकारला की एक मोठी गोष्ट नकळत गृहीत धरली जाते. कोणाला चहा आवडतो, कोणाला कॉफी. ही आवड कोठून आली हे अर्थशास्त्र विचारीत नाही. तद्वतच माणसाचा विटाळ मानणे हीदेखील एक आवड समजली, की तिच्या उगमाचा, तिच्यामागील सत्तेचा आणि तिच्या लाभार्थ्यांचा प्रश्नच उरत नाही. आमच्या मते या सिद्धांताचे मुख्य वैगुण्य येथेच आहे. ते सिद्ध करण्यासाठी प्रत्यक्षाकडे वळले पाहिजे.

विणकाम खात्याची कसोटी

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार मोठ्या संख्येने होते. परंतु त्यांना मुख्यतः सूतकताईच्या खात्यांत, विशेषतः कमी वेतनाच्या रिंग विभागात, काम मिळे. विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते. विणकराला कामाच्या मापाप्रमाणे मजुरी मिळत असे आणि त्याची कमाई सूतकताईतील सामान्य कामगाराहून बरीच अधिक असे. प्रवेशबंदीचे कारण असे सांगितले जाई की, धोट्यातील कांडी संपली म्हणजे नवी कांडी घालून तिच्या धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागते. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा स्पृश्य विणकर तोंडाला कसा लावणार?

बेकर यांच्या दृष्टीने पाहता हे सहकामगाराच्या नावडीचे निर्मळ उदाहरण ठरावे. मालकाला आकस नाही, कामगाराला आहे, म्हणून खाती वेगळी झाली. परंतु बारकाईने पाहता या उदाहरणात सिद्धांताचे एकेक गृहीतक ढासळते.

पहिली गोष्ट, येथे विभक्तता होती, समानता नव्हती. बेकर यांची समान मजुरी तेव्हाच शक्य आहे, जेव्हा वगळलेल्यांना तेच काम दुसरीकडे करण्याची मोकळीक असते. अस्पृश्यांसाठी विणकामाची वेगळी गिरणी कोण काढणार होता? ज्यांच्यापाशी भांडवल नाही, जमीन नाही, त्यांच्या बाबतीत विभक्त होणे म्हणजे खालच्या पायरीवर राहणे होय. कताई आणि विणकाम ही एकमेकांच्या जागी येणारी कामे नव्हेत. एकाशिवाय दुसरे चालत नाही आणि दोहोंचे मोल वेगळे आहे. दोन भिन्न कौशल्ये परस्परपूरक असली म्हणजे सहकामगारांच्या भेदभावातून वेतनातही तफावत पडू शकते, ही शक्यता या सिद्धांताच्या चौकटीतही मान्य आहे. परंतु तेथे जी एका कडेची शक्यता आहे, ती भारतात सर्वसामान्य नियम होती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अस्पृश्याचा हात लागलेले सूत स्पृश्य विणकराला चालत होते. कताई खात्यात कातले गेलेले सूतच कांडीवर चढून धोट्यात येई आणि त्याच सुताचे टोक विणकर तोंडाने ओढीत असे. यावर कोणी म्हणेल की, हाताचा स्पर्श आणि उष्टे यांत धर्मशास्त्र भेद करते. तो भेद क्षणभर मान्य करू. परंतु मुंबईच्या विणकाम खात्यात मराठ्यांच्या जोडीला मुसलमान विणकरही पूर्वापार होते. सनातनी हिंदूला मुसलमानाचे उष्टेही चालत नसे. तरी त्या कारणाने विणकाम खाते मुसलमानांना बंद झाले नाही. ज्यांची जागा पूर्वीपासून पक्की होती त्यांच्याशी विटाळाने तडजोड केली. ज्यांना जागा नव्याने द्यावी लागली असती त्यांच्यापुढे तो आडवा आला.

तिसरी गोष्ट धोट्याची. तोंडाने धागा ओढण्याची पद्धत ही काही निसर्गाची आज्ञा नव्हती. ती कामगाराच्या आरोग्याला घातक आहे, हे ओळखून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच तिला कायद्याने मनाई केली होती. हाताने धागा ओवता येईल असा धोटा बनविणे यंत्रविद्येला अशक्य नव्हते. अडचण लाळेची असती तर धोटा बदलण्याची मागणी पुढे आली असती. ती मागणी न करता माणसांनाच बाहेर ठेवण्यात आले. ज्या नावडीवर इतका सोपा उपाय असताना तो शोधावासाही वाटत नाही, ती नावड केवळ नावड नसते. तिच्या आश्रयाने कोणाचे तरी हित नांदत असते.

बाबासाहेबांची मांडणी

१९२८ साली मुंबईतील गिरणी कामगारांचा सुमारे सहा महिने चाललेला प्रचंड संप झाला. त्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे विणकाम खात्याचा प्रश्न ठेवला आणि अस्पृश्य कामगारांना तेथे प्रवेश मिळण्याची बाब कामगारांच्या मागण्यांत समाविष्ट करण्याचा आग्रह धरला. पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुशीनेच घेतली. फॉसेट समितीपुढे प्रश्न आला तेव्हा मालकांच्या वतीने सांगण्यात आले की, हा अन्याय असेल तर त्यास आम्ही जबाबदार नाही. धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात ही हकीकत नमूद केली आहे.

मालकांचे हे उत्तर चिंतनीय आहे. बेकर यांनी जो निराकस मालक कल्पिला, तो येथे सदेह उभा आहे. त्याच्या तोंडी असत्य नाही. पण अर्धे सत्य आहे. कामगारांनी घातलेली बंदी मालकाने मोडली नाही, कारण ती मोडण्याची किंमत त्याला द्यावयाची नव्हती. आणि ती चालू राहिल्याने त्याचे काही बिघडत नव्हते. कताई खात्यासाठी दुसरीकडे जाऊ न शकणारा, म्हणून कमी मजुरीत राबणारा कामगारवर्ग त्याला आयता मिळत होता. भेदभाव कामगाराने करावा, त्याचा लाभ मालकानेही घ्यावा आणि जबाबदारी कोणावरच पडू नये, अशी ही व्यवस्था होती.

१९३६ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या निबंधात बाबासाहेबांनी या व्यवस्थेची सैद्धांतिक उकल केली. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी, या समर्थनाला त्यांनी दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे : जात श्रमाबरोबर श्रम करणाऱ्यांचीही विभागणी करते आणि त्या विभागांना एकावर एक रचते. ही श्रेणीबद्ध विषमता हेच जातीचे वैशिष्ट्य. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे भरलेल्या जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ब्राह्मणशाही याचा अर्थ ब्राह्मण जातीची सत्ता असा त्यांना अभिप्रेत नव्हता. स्वातंत्र्य, समता आणि बंधुभाव यांचा नकार, मग तो कोणत्याही जातीत आढळो, असा होता. तेथे त्यांनी दिलेले उदाहरणही मार्मिक आहे. रेल्वेत अस्पृश्याला गँगमन होता येई, परंतु पोर्टर होता येत नसे. कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरचीही कामे करून घेत असे आणि अस्पृश्य घरात चालत नसे. म्हणजे कचेरीतील नोकरीचा दरवाजा घराच्या उंबरठ्यावर अडला होता.

अस्पृश्य कामगारांची वेगळी परिषद भरविल्याने कामगारांत फूट पडते, असा आक्षेप त्या काळी घेतला जाई. त्यावर बाबासाहेबांचे उत्तर असे होते की, फूट आधीपासूनच आहे. ती दाखवून देणारा फूट पाडीत नाही. कामगारांचे ऐक्य घडवायचे तर ते तोडणारे कारण दूर केले पाहिजे. आणि हे बोलणे निव्वळ वादापुरते नव्हते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरला होता.

केवळ पोटाचा प्रश्न?

येथवरच्या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, भेदभाव हा मुळात मक्तेदारीचा प्रश्न आहे. विटाळ हे निमित्त, खरी गोष्ट मजुरी. विणकाम खात्यापुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडना बोनासिच यांनीही १९७२ साली वांशिक वैमनस्याचे मूळ दुभंगलेल्या श्रमबाजारात, म्हणजे महाग आणि स्वस्त मजुरांच्या स्पर्धेत शोधले. परंतु हाही विचार पुरेसा नाही. भेदभाव करणाऱ्याला ज्यात लाभ नसून उघड तोटाच आहे, अशा भेदभावाचा उलगडा त्याने होत नाही.

अशा तोट्याचे एक सुस्पष्ट उदाहरण आफ्रिकेतील केनिया देशातून मिळाले आहे. योनास योर्ट या अर्थशास्त्रज्ञाने तेथील एका फूलबागेच्या कारखान्याचा अभ्यास करून २०१४ साली तो 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तेथे तिघांचा एक गट असे. एक कामगार फुले पुरवी. उरलेले दोघे त्यांच्या जुड्या बांधीत. कोणी कोणत्या जागी बसावे हे जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाळीपाळीने ठरे. पुरवठा करणाऱ्याची मजुरी गटाच्या एकूण कामावर, तर जुड्या बांधणाऱ्यांची मजुरी ज्याच्या त्याच्या कामावर अवलंबून होती. असे आढळले की, बांधणारा प्रतिस्पर्धी टोळीचा असला की पुरवठा करणारा त्याला फुले कमी देई आणि दोघांपैकी एकच आपल्या टोळीचा असला की फुले त्याच्याकडे वळवी. यात गटाचे उत्पादन घटे आणि पुरवठा करणाऱ्याची स्वतःची मजुरीही घटे. तरी तो तसेच करी.

पुढे डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात टोळ्याटोळ्यांत रक्तपात झाला. त्यात एक हजाराहून अधिक माणसे मारली गेली आणि लाखो बेघर झाली. त्यानंतर कारखान्यातील हा भेदभाव एकदम वाढला.

योर्ट यांनी आपल्या निष्कर्षांची मांडणी बेकर यांच्याच 'आवडी'च्या भाषेत केली आहे. परंतु आमच्या मते त्यांच्या पुराव्याचा अर्थ त्यांच्या भाषेपेक्षा मोठा आहे. जी आवड एका निवडणुकीने काही आठवड्यांत तीव्र होते, ती चहा-कॉफीच्या आवडीसारखी व्यक्तीची खासगी बाब कशी म्हणता येईल? ती राजकारणाने पेटविता येते. याचाच अर्थ ती बाहेर घडविली जाते आणि कामगार तिला सोबत घेऊन कारखान्यात येतो. 'आवड' ही दिलेली वस्तू आहे, हे गृहीतक या पुराव्यापुढे टिकत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातील आहे. सुआना ओह या संशोधिकेने ग्रामीण ओडिशातील मजुरांवर केलेला प्रयोग २०२३ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' मध्ये प्रसिद्ध झाला. इतर जातींशी, विशेषतः खालच्या मानलेल्या जातींशी जोडलेले काम केवळ दहा मिनिटे करण्यासाठी रोजच्या मजुरीच्या दहा पट रक्कम देऊ केली असताही ४३ टक्के मजुरांनी ते नाकारले. आणि हा नकार चारचौघांत नव्हे, तर निर्णय गुप्त राहणार असतानाही कायम होता.

याचा संबंध जॉर्ज अकरलॉफ यांच्या विचाराशी जोडून पाहणे उद्बोधक ठरेल. अकरलॉफ यांनी १९७६ सालच्या आपल्या निबंधात जातीचे जे प्रतिमान मांडले, त्याचे मर्म असे की, जातीचा नियम मोडणाऱ्याला इतर सर्व बहिष्कृत करतात; म्हणून नियमावर कोणाचाही मनापासून विश्वास नसला तरी बहिष्काराच्या भीतीने सगळे तो पाळीत राहतात. स्पर्धेच्या बाजारात भेदभाव करणारा मालक तोट्यात जाऊन नष्ट व्हावयास हवा, मग भेदभाव टिकतो कसा, असा प्रश्न केनेथ अ‍ॅरो यांनी बेकर यांच्या सिद्धांताला विचारला होता. त्याचे एक सबळ उत्तर अकरलॉफ यांच्या या प्रतिमानात मिळते. बहिष्काराचे हत्यार किती धारदार असते हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर गावोगावच्या अस्पृश्यांनी ते भोगले आहे.

परंतु ओडिशातील मजुराने एकांतातही नकार दिला. तेथे बघणारे कोणी नव्हते, बहिष्कार घालणारे कोणी नव्हते. म्हणजे भीतीचे रूपांतर स्वभावात झाले होते. बाहेरचा पहारेकरी आत येऊन बसला होता. जात ही विटांच्या भिंतीसारखी बाहेरून पाडता येणारी वस्तू नसून ती मनाची धारणा आहे, असे बाबासाहेबांनी आठ दशकांपूर्वीच बजावले होते. एकंदरीत सहकामगारांमधील भेदभाव तीन पदरांचा आहे : हितसंबंध, बहिष्काराचा धाक आणि मनाचा संस्कार. बेकर यांच्या 'आवड' या एका शब्दाने हे तिन्ही पदर झाकले जातात.

उपायांची चिकित्सा

निदान अपुरे असले की उपायही अपुरा राहतो. केनियातील कारखान्याने भेदभावावर जो तोडगा काढला तो उल्लेखनीय आहे. जुड्या बांधणाऱ्या दोघांची मजुरी त्यांच्या एकत्रित कामावर ठरविण्यात आली. परिणामी, दोघांपैकी एकाकडे फुले वळविण्यात अर्थ राहिला नाही, कारण लाभ दोघांत सारखा वाटला जाऊ लागला. ज्या गटांत एक बांधणारा आपला आणि एक परका होता, त्या गटांचे उत्पादन वाढले. कारखान्याचे एकूण उत्पादनही वाढले.

परंतु जेथे दोन्ही बांधणारे परक्या टोळीचे होते, तेथे उत्पादन वाढले नाही. उलट किंचित घटले. हे स्वाभाविक होते. नव्या पद्धतीने दोघांत डावे-उजवे करण्याची संधी काढून घेतली. द्वेष काढून घेतला नाही. हितसंबंधाचा पदर उलगडला, मनाचा पदर तसाच राहिला. मालकाच्या दृष्टीने तोडगा यशस्वी झाला, कारण त्याचे गणित उत्पादनाचे होते. ज्याला जाणूनबुजून कमी फुले दिली जात होती त्या माणसाच्या मानाचे गणित कोणी मांडले नाही.

येथे आणखी एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. केनियातील कारखान्यात कोणत्याही टोळीचा कामगार कोणत्याही जागी बसू शकत होता. भेदभाव दोन्ही बाजूंनी होत होता. मुंबईच्या गिरणीत मात्र पाळीच नव्हती. अस्पृश्य कामगाराला गटात कसे वागविले जाते, हा प्रश्न नंतरचा. त्याला गटात जागाच नव्हती. ज्या अभ्यासांत माणसे शेजारी बसल्यानंतर काय होते हे पाहिले जाते, त्यांचे निष्कर्ष जातीला लावताना हे विसरता कामा नये. म्हणूनच प्रवेशाचा हक्क, म्हणजे आरक्षण आणि भेदभावविरोधी कायदा, यांची जागा वेतनपद्धतीतील कोणतीही सुधारणा घेऊ शकत नाही.

मग मनाचा पदर बदलतो कसा? नुसते जवळ आणून बसविल्याने तो बदलतोच असे नाही. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात १,२६१ तरुणांना घेऊन क्रिकेटच्या सामन्यांचा एक प्रयोग केला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. भिन्न जातींचे तरुण एकाच संघातून खेळले तेव्हा त्यांच्यात जातीपलीकडची मैत्री वाढली; जे परस्परांविरुद्ध खेळले त्यांच्यात सामान्यतः दुरावाच वाढला. समान ध्येयासाठी, समान पातळीवर केलेले काम माणसाला बदलू शकते. स्पर्धेत समोरासमोर उभे केल्याने ते घडत नाही. स्पर्धा वाढली की भेद गळून पडतो, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

संघाचा दृष्टांत

या संदर्भात भिक्खुसंघाच्या इतिहासातील एका प्रसंगाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात तो आला आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त हे शाक्य कुमार उपाली या न्हाव्यासह अनुपिय येथे भगवान बुद्धांकडे प्रव्रज्येसाठी गेले. त्यांनी विनंती केली की, आमच्याआधी उपालीला प्रव्रज्या द्यावी. म्हणजे तो आम्हांस ज्येष्ठ होईल, आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्य असल्याचा अभिमान गळेल. तथागतांनी त्याप्रमाणे केले.

या प्रसंगाकडे केवळ भक्तिभावाने न पाहता संस्थेच्या रचनेच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. संघात ज्येष्ठता जन्मावर नव्हे, उपसंपदेच्या काळावर ठरते. हा नियम अगोदरच होता. कुमारांनी तो स्वतःच्या अभिमानाविरुद्ध वापरला. नियमाने जागा दिली आणि माणसांनी स्वेच्छेने मन बदलण्यासाठी त्या जागेचा उपयोग केला. येथे हितसंबंध आणि संस्कार हे दोन्ही पदर एकाच वेळी हाताळले गेले.

संघ इतक्यावर थांबला नाही. पाचित्तिय नियमांतील दुसरा नियम अपमानकारक वाणीविषयी आहे. एका भिक्खूने दुसऱ्याला त्याची जात, गोत्र, काम, शिल्प इत्यादींवरून हिणवले तर तो दोष ठरतो. नियमाचे स्पष्टीकरण पाहता, बोललेली गोष्ट खरी की खोटी, हा प्रश्न तेथे गौण आहे. हिणविण्याचा हेतू हाच दोष होय. याचा अर्थ, एकत्र राहणाऱ्या समुदायात जन्मावरून हिणविण्याची प्रवृत्ती उद्भवू शकते, हे संघाने मान्य केले होते. पहिल्या प्रसंगाने सर्व भेद मिटले, असा भाबडा समज त्याने करून घेतला नाही. प्रवेश, ज्येष्ठतेचा नियम, वाणीचा नियम आणि चित्ताची साधना, या चारही गोष्टी त्याने एकत्र बांधल्या. संघ म्हणजे मजुरीवर चालणारा कारखाना नव्हे, याची आम्हांला जाणीव आहे. संघात खासगी मिळकतीची स्पर्धा नसल्याने हितसंबंधाचा प्रश्न तुलनेने सौम्य होता. तरीही रचनेचा हा धडा कारखान्याला, कचेरीला आणि कामगार संघटनेलाही लागू पडतो.

आजचा प्रश्न

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. धोट्याचा विटाळ इतिहासजमा झाला. परंतु भेदभाव इतिहासजमा झाला नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठविण्यात आले. दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढील बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जदाराच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश, तर मुसलमान नावाच्या अर्जदाराची सुमारे एक-तृतीयांश आढळली. ज्या स्पर्धेच्या बाजाराने भेद मिटविण्याचे आश्वासन दिले, त्याच्याच दारात हा भेद उभा आहे. हा भेद समुद्रही ओलांडून गेला आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवर आधारित भेदभावास मनाई करणारा नियम करावा लागला. तेथे स्थायिक झालेल्या भारतीयांच्या सुशिक्षित वर्गातही जात सोबत गेली आहे, हे यावरून स्पष्ट होते.

मालकवर्ग आजही १९२८ सालचेच उत्तर देतो : अन्याय असेल तर आम्ही जबाबदार नाही, आम्ही गुणवत्ता पाहतो, माणसे आपसांत कशी वागतात हा त्यांचा प्रश्न. कामगार संघटनाही बहुधा तेच करतात. पगारवाढीची मागणी पहिल्या क्रमांकावर असते. जातीवरून दिला जाणारा त्रास मागण्यांच्या यादीत शेवटी येतो किंवा येतच नाही. ज्याच्यासोबत डबा उघडावयाचा नाही, त्याच्यासोबत खांद्याला खांदा लावून लढण्याची भाषा पोकळ ठरते.

हाच प्रश्न आपल्यालाही विचारला गेला पाहिजे. साफसफाईच्या खात्यात पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या बांधवांकडे, आपल्याहून खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील सहकाऱ्यांकडे, कचेरीत बसणारा बौद्ध कोणत्या दृष्टीने पाहतो? श्रेणीबद्ध विषमतेचे वैशिष्ट्यच असे की, प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी सापडते. धम्मदीक्षेने आपण ती उतरंड नाकारली आहे. कामाच्या जागी ती नाकारली नाही तर दीक्षेचा अर्थ अपुरा राहील.

सारांश, सहकाऱ्याविषयीच्या तिटकाऱ्याला 'आवड' म्हणणारे अर्थशास्त्र भेदभावाची किंमत मोजू शकते. त्याचा उगम सांगू शकत नाही, म्हणून त्याचा अंतही सांगू शकत नाही. स्पर्धा आपले काम करील म्हणून वाट पाहणे म्हणजे अन्यायाची मुदत वाढविणे होय. प्रवेशाचा कायदेशीर हक्क, लाभ समान वाटणारी कामाची रचना, जातिवाचक वागणुकीला संघटनेच्या नियमांत दोष मानणे आणि मनाच्या संस्कारासाठी अखंड प्रयत्न, यांपैकी एकही वगळून चालणार नाही. खासगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी करणाऱ्या चळवळीने यापुढे आपल्या मागण्यांत सहकाऱ्यांच्या वागणुकीचा प्रश्नही स्पष्ट शब्दांत नोंदवावा. नोकरीचा दरवाजा उघडला आणि शेजारच्या खुर्चीवरील माणूस उठून गेला, तर तो प्रवेश अर्धाच झाला असे आम्ही समजतो.